लेन्स लाखाची, उजेड मूठभर

भोर-वेल्ह्याच्या रानात पावसाळी पक्ष्यांचे फोटो काढायचे, तर आधी अंधाराशी दोस्ती करा

भिगवणला काढलेला फ्लेमिंगोचा फोटो तुमच्या लॅपटॉपवर वॉलपेपर म्हणून झळकत असतो. टीममधले येता-जाता ‘सॉलिड रे!’ म्हणतात, टीएलसुद्धा एक लाइक टाकतो. मग एका शनिवारी तीच बॅग, तोच मिररलेस कॅमेरा आणि तीच ईएमआयवर घेतलेली टेलिफोटो लेन्स घेऊन तुम्ही पहाटे साडेचारला सातारा रस्ता पकडता. चेलाडी फाट्याला वळलात तर नसरापूर करत वेल्हे, जरा पुढे कापूरहोळला वळलात तर भोर. जुलै महिना, ढग डोंगरावर टेकलेले, सगळीकडे पाण्याचा आवाज. पक्षी दिसतो, बटण दाबलं जातं, तुम्ही खूश. आणि रात्री घरी फोटो उघडले, की स्क्रीनवर एक निळसर काळा गोळा आणि त्यावर रवा सांडल्यासारखे दाणे!

पहिला संशय अर्थातच कॅमेऱ्यावर. दुसरा लेन्सवर. तिसऱ्या दिवशी ‘अपग्रेड करू का?’ हा प्रश्न सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो.

मंडळी, जरा थांबा. भिगवणला उजनीच्या पाण्यावर आभाळ सताड उघडं असतं, ऊन वरूनही येतं आणि पाण्यावरून उलटूनही येतं. तिथे कुठलाही कॅमेरा हुशार दिसतो. भोर आणि वेल्हे (तालुक्याचं नाव २०२५ मध्ये राजगड झालंय, पण पक्षीवाल्यांच्या तोंडात अजून वेल्हेच आहे) म्हणजे सह्याद्रीच्या ऐन कण्याचा भाग. डोंगराच्या सावलीमुळे दरीत ऊन उशिरा उतरतं, पावसाळ्यात तर आठवडा-आठवडा उतरतच नाही. त्यात झाडी.

आधी थोडं गणित

कॉलेजात गणित सोडून मास कॉमला आलेली मी हे लिहितेय, त्यामुळे घाबरू नका. कडक उन्हात आयएसओ १०० वर, एफ ६.३ ची लेन्स लावून १/६४० सेकंदाचा शटर आरामात मिळतो. आता तीच लेन्स घेऊन पावसाळी सकाळी दाट झाडीत शिरा. उजेड साधारण आठ स्टॉप कमी झालेला असतो. ‘आठ’ ऐकायला किरकोळ वाटतं, पण प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो. निम्म्याचा निम्मा, त्याचा निम्मा असं आठ वेळा करा. उन्हातल्या उजेडाचा २५६ वा भाग उरतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, कारण बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो आणि आपल्याला वाटतं ‘तसं बरं दिसतंय की’.

अशा उजेडात आयएसओ ६४०० ठेवला, तर एफ ४ च्या लेन्सला साधारण १/५०० सेकंद मिळतो. एफ ६.३ ला १/२००. आणि एफ ११ च्या हलक्याफुलक्या, स्वस्तातल्या सुपर टेलिफोटोला जेमतेम १/६०. झाड तेच, फांदी तीच, पक्षी तोच. तुलनेसाठी सांगते, नव्वदच्या दशकात आयएसओ ५० ची स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला याच फांदीवर एफ ५.६ ला अर्धा सेकंद शटर उघडा ठेवावा लागला असता. अर्धा सेकंद! तेवढ्यात बुलबुल येऊन, फळ खाऊन परत जातो. तेव्हाचे लोक फ्लॅश का वापरायचे, हे यावरून समजतं. आपण मात्र तो आज का वापरायचा नाही, ते पुढे येईलच.

आता दाण्यांबद्दल. ‘आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो’ हा फंडा इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलाय, की लोक भीतीपोटी आयएसओ १६०० च्या वर जातच नाहीत आणि मग काळाकुट्ट फोटो घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये उजळतात. दाणे तसेच येतात, बऱ्याचदा जास्त. कारण दाणे आयएसओमुळे येत नाहीत, सेन्सरवर उजेडच कमी पडला म्हणून येतात. प्रकाश हा थेंबाथेंबाने पडतो असं समजा. पाऊस जोरात असेल तर अंगणातल्या सगळ्या फरश्या सारख्या भिजतात. चार थेंब पडले तर एखादी फरशी ओली, शेजारची कोरडी. तो ठिपक्यांचा खेळ म्हणजे नॉइज. चौपट उजेड मिळाला तर सिग्नलच्या मानाने तो निम्म्यावर येतो. त्यामुळे प्रश्न ‘आयएसओ किती’ हा नाही, ‘शटर किती वेळ उघडा ठेवायची हिंमत आहे’ हा आहे.

अंधार आहे म्हणून पक्षी आहे

भोर-वेल्ह्यात सगळ्यात कमी उजेड कुठे असेल, तर देवराईत. पानशेतच्या बाजूच्या शिरकोलीपासून ते भोरच्या हिर्डोशी खोऱ्यापर्यंत या पट्ट्यात गावोगावी देवाच्या नावाने राखलेली झाडी आहे. फांदी तोडायची नाही, वाळलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, असे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी ही बेटं का टिकली, हे त्यांच्यामुळे शहरातल्या लोकांना कळलं.

फोटोग्राफरच्या नजरेने देवराई म्हणजे डोकेदुखी. वर पानांचे तीन-चार मजले, खाली वेली, मधून झिरपणारा उजेडसुद्धा हिरवा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर पक्ष्याचं पोट शेवाळलेलं दिसतं (रॉ फाइल काढत असाल तर हे नंतर सुधारता येतं, म्हणून इथे जेपेगच्या नादी लागू नका). पण गंमत अशी, की टिकेलचा निळा माशीमार, कस्तूर, नवरंग ही मंडळी नेमकी याच काळोखात रमतात. त्यांचं खाणं ओल्या पालापाचोळ्यात आणि सावलीतल्या किड्यांत आहे. गेल्या काही वर्षांत याच दोन तालुक्यांत ‘सह्याद्री व्ह्यू’ प्लॉटच्या पाट्या जागोजागी दिसतात. जेसीबीने झाडी साफ करून लॉन लावलेल्या अशा प्लॉटवर उजेड भरपूर असतो. फोटो झकास येतात. कावळ्याचे, साळुंकीचे.

मिररलेसने नक्की काय दिलं?

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, तेव्हा पक्षीवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळायचं आणि अंधारात फोकस चाचपडत बसायचा. खरी उलथापालथ २०२० च्या सुमाराला झाली. कॅननच्या आर५ ने पक्ष्याचा डोळा शोधून पकडायला सुरुवात केली, पाठोपाठ २०२१ मध्ये सोनीचा अल्फा १ आणि निकॉनचा झेड९ आले. आता ही सोय लाखाच्या आतल्या मॉडेलपर्यंत उतरलीय.

अंधाऱ्या रानात याचे दोन फायदे मला सगळ्यात मोलाचे वाटतात. पहिला, इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर. डोळ्यांना काळी सावली दिसत असते तिथे तो चित्र उजळून दाखवतो आणि फोटो कसा येणार ते बटण दाबण्याआधीच कळतं. दुसरा, आवाज न करणारा शटर. डीएसएलआरचा आरसा खाडखाड वाजायचा आणि तीन फुटांवरच्या बेडकापासून तीस फुटांवरच्या कस्तूरापर्यंत सगळ्यांना तुमची हजेरी लागायची. ते संपलं. अर्थात इलेक्ट्रॉनिक शटरवर उडत्या पक्ष्याचे पंख केळ्यासारखे वाकडे येऊ शकतात, कारण बहुतेक सेन्सर ओळीओळीने चित्र वाचतात. महागड्या स्टॅक्ड सेन्सरना हा त्रास जवळपास नाही. पण देवराईत उडता पक्षी टिपायचा हट्ट कशाला?

ब्रोशरवरच्या आकड्यांकडे मात्र जरा तिरक्या नजरेने बघा. आर५ च्या कागदावर ‘उणे ६ ईव्ही’पर्यंत फोकस होतो असं छापलंय. म्हणजे चांदण्यापेक्षाही कमी उजेड. वा! पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की हे मोजमाप एफ १.२ च्या लेन्सवर केलेलं आहे. तुमची १००-५०० झूम पाचशेला पोचते तेव्हा एफ ७.१ वर असते, म्हणजे तिच्यातून पाच स्टॉप कमी उजेड आत येतो. मग तो कागदी आकडा कुठल्या कुठे राहतो. फोकस पुढे-मागे डुलायला लागला, की पक्ष्याच्या अंगावरची उजेड-सावलीची कडा शोधा, फोकसचा चौकोन सगळ्यात लहान करा आणि तिथे टेकवा. पावसाच्या धारा चालू असतील तर हे हवंच, नाहीतर कॅमेरा इमानदारीत थेंबांवर फोकस करत राहतो.

‘मग एफ ४ ची प्राइम लेन्स घेऊ का?’ ६०० एमएम एफ ४ ची किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. २००-६०० किंवा १८०-६०० सारख्या झूम दीड-दोन लाखांच्या आसपास मिळतात. अडीच पट उजेडासाठी पाच-सहा पट पैसे. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. घ्यायचीच असेल, तर आधी एक वीकेंड ती तीन किलोची वस्तू गळ्यात घालून केळदच्या पायवाटेवर चालून बघा, निर्णय आपोआप होईल. आणि फुल फ्रेमच्या नादात असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या सेन्सरचा फायदा पक्षी फ्रेममध्ये मोठा आला तरच. तीच लेन्स, तेवढंच अंतर आणि नंतर घरी येऊन फोटो निम्मा कापणार असाल, तर पक्ष्यावर पडलेला उजेड तेवढाच राहतो. क्रॉप सेन्सरवाल्याने उगाच कॉम्प्लेक्स घेऊ नये.

शीळ वाजवणारा निळा हिरो

पावसाळ्यातल्या अंधाराची परीक्षा द्यायची असेल, तर शीळकरी कस्तूरासमोर बसा. इंग्रजीत याला शीळ घालत फिरणारा शाळकरी पोरगा म्हणतात. उजाडायच्या आधी, ओढ्याच्या खळखळाटातून याची शीळ ऐकू येते. आपल्याच धुंदीत, सूर मध्येच सोडून दिलेली, कुठलंही गाणं धड न येणाऱ्या माणसासारखी. मैनेपेक्षा जरा मोठा, अंग जवळपास काळं. कपाळावर आणि खांद्यावर मात्र चमकता निळा पट्टा, जो उजेडाचा कोन जुळला तरच दिसतो. मढे घाटाकडचे ओढे, वरंध्याच्या अलीकडच्या कपारी, जिथे खडक आणि वाहतं पाणी आहे तिथे हा असतो.

इथे कॅमेऱ्याचं मीटर दोन्हीकडून फसतं. मागे पांढरं धुकं असेल तर ते पक्ष्याला आणखी काळं करतं, मग एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वर न्या. मागे ओला काळा खडक असेल तर मीटर सगळंच उजळून टाकतं आणि तो निळा पट्टा धुवून निघतो, तेव्हा खाली आणा. व्ह्यूफाइंडरमधला हिस्टोग्राम चालू ठेवा, डोळ्यांवर विश्वास नको.

पण खरी किल्ली शटरमध्ये आहे. कस्तूर गाताना त्याचा गळा आणि शेपटी हलत असते, ओळ संपली की तो क्षणभर दगड होतो. पुढची शीळ घालण्याआधीचा तो सेकंद-दीड सेकंद तुमचा. तेवढ्यात १/६० किंवा १/५० सुद्धा पुरतो. लेन्स आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं. पक्ष्याची हालचाल ते थांबवू शकत नाही, ती पक्ष्याने स्वतःच थांबवायला हवी. म्हणून आधी दहा मिनिटं नुसतं ऐका. ओळ कुठे संपते ते कानात बसलं, की थांब्याच्या जागी सात-आठ फ्रेम्सचा छोटा बर्स्ट मारा. त्यातल्या दोन धारदार निघाल्या तरी १/२०० च्या दाणेदार पन्नास फोटोंपेक्षा भारी. सलग बटण दाबून दोन हजार फोटो घरी आणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांचा रविवार कुठे जातो तेही मला माहीत आहे.

टेकू काहीही चालेल. मोनोपॉड उत्तम. गाडीतून काढत असाल तर काच खाली करून त्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि लेन्स तिच्यात रुतवा. भोरचा इंद्रायणी असेल तर संध्याकाळी भातही होतो.

आणि हो, सॉफ्टवेअर. लाइटरूममध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डीनॉइज आलंय, इतर कंपन्यांची त्याआधीपासून आहेत. आयएसओ ६४०० चा फोटो त्यातून खरंच स्वच्छ होऊन निघतो. पण मुळात पिसांचा तपशील नोंदलाच गेला नसेल, तर ते अंदाजाने पिसं रंगवतं. मेणाचा कस्तूर तयार होतो. स्लायडर पन्नासच्या खालीच बरा.

घरट्यासमोरचा फ्लॅश

आता जरा गंभीर. पावसाळ्याचा अंधार आणि पक्ष्यांची वीण हे एकाच वेळी येतात. शीळकरी कस्तूर ओढ्याकाठच्या कपारीत, कधी कधी धबधब्याच्या आडोशाला घरटं करतो. नवरंगसुद्धा पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत येतो. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी ओरडतो म्हणून तमीळमध्ये त्याचं नावच ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचं आहे. म्हणजे जेव्हा उजेड सगळ्यात कमी, तेव्हाच पक्षी सगळ्यात गुंतलेला. आणि पिल्लांना भरवणारा पक्षी पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, त्यामुळे फोटो सोपा. इथेच सगळा घोळ आहे.

गेल्या पावसाळ्यात वेल्ह्याच्या एका ओढ्यावर मी तिघांना बघितलं. कपारीपासून पंधरा फुटांवर ट्रायपॉड, त्यावर फ्लॅश, एकाच्या फोनवर कस्तूराची शीळ लूपवर. पक्षी तोंडात किडा घेऊन समोरच्या दगडावर येत होता, आत न जाता परत उडत होता. मी घड्याळ लावलं, पंचवीस मिनिटं. भर पावसात पिल्लांसाठी पंचवीस मिनिटं म्हणजे काय, याचा हिशेब त्या तिघांनी केला नव्हता. त्यांच्याशी बोलले. एक जण म्हणाला, ‘मॅम, लाइटच नाहीये, फ्लॅशशिवाय येणार कसा?’ त्याच्या हातातला कॅमेरा माझ्यापेक्षा दोन मॉडेल पुढचा होता.

फोनवर आवाज लावला, की पक्ष्याला आपल्या हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखं वाटतं. तो अन्न शोधायचं, पिल्लं सांभाळायचं सोडून भांडायला येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याला काहीच मिळत नाही. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश पुन्हा पुन्हा मारणं तर नकोच. आणि हा नुसता सभ्यतेचा प्रश्न नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंसुद्धा येतं. बंदूक हातात असायची गरज नाही.

एक साधी खूण मी वापरते. पक्षी तोंडात खाणं घेऊन थांबला, की मी मागे सरकते. तो घरट्याकडे बिनधास्त जाईपर्यंत. तीस फुटांवरून फोटो छोटा येतो, ओढा, शेवाळ, धुकं सगळं त्यात येतं. एरवीही अशा उजेडात क्लोज-अप काढून पिसं मोजण्यापेक्षा हे फोटो मला जास्त आवडतात. फ्रेममध्ये पक्षी लहान असला की दाणेसुद्धा फारसे खटकत नाहीत.

निघण्याआधी

नवशिक्यांनी सुरुवात नसरापूरच्या बनेश्वरपासून करावी. पेशवेकालीन देवळाभोवतीची झाडी, पायवाटा सोप्या. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक आणि माशीमार बघायला छान. मात्र सकाळी लवकर पोचा, नऊ-दहानंतर सहली सुरू होतात. पावसाळ्यात घाटाकडे जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा. वरंधा घाट दरडींमुळे वाहतुकीला अनेकदा बंद होतो. २०२४ मधल्या भुशी डॅमच्या दुर्घटनेनंतर जिल्ह्यातल्या बऱ्याच धबधब्यांवर आणि धरणांवर पावसाळी बंदीचे आदेशही निघाले. अंधारात एकट्याने ओढ्यात उतरू नका. या भागात बिबट्या आहे, आणि बिबट्यापेक्षा निसरडा कातळ जास्त वाईट.

एसी गाडीतून थेट बाहेर आलात तर थंड काचेवर बाहेरची दमट हवा जमते आणि लेन्स पंधरा-वीस मिनिटं आंधळी होते, नेमकी पहाटेची. म्हणून शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर एसी बंद, काचा खाली. घरी आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत तशीच ठेवून सोमवारी ऑफिसला पळू नका, आठवड्याभरात आत बुरशीची जाळी धरू शकते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल दोन-तीनशे रुपयांत होतं. जास्तीची बॅटरी घ्या, मिररलेस कॅमेरे व्ह्यूफाइंडर चालू ठेवून भराभर बॅटरी खातात.

परतीला उशीर झाला, तर वेल्हे-नसरापूर रस्त्यावर कातरवेळी डांबरावर दोन लाल ठिपके चमकताना दिसतील. तो रातवा. तापलेल्या रस्त्यावर बसून किडे टिपतो आणि गाडी अगदी अंगावर येईपर्यंत उठत नाही. अप्पर बंद करून वेग कमी करा, नाहीच हलला तर थांबा. तो उठून शेजारच्या बांधावर बसेल. फोटोपुरता उजेड तोवर संपलेला असतो, कॅमेरा बॅगेतच राहू द्या.